घारूने रस्त्याला दिलेलं वळण

९ नोव्हेंबर

प्रिय घारू,

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, आराखडा बघितलात का?" आणि मी "हो, बघितला" एवढंच म्हणून फोन ठेवला. फोनवर मला सुचत नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझी मावशी होती तेव्हा माझ्या वाटचं तीच बोलायची. ती गेल्याला आता दहा महिने होतील. तेव्हा माझ्या वाटचं मलाच लिहायला हवं.

नगरपालिकेच्या वाचनालयात नकाशा लावला आहे. भिंतभर आहे. बघायला गर्दी होती, पण जो तो आधी आपलं घर शोधतो आणि ते सापडलं की बाकी जिल्ह्याचं काय व्हायचं ते होवो म्हणून बाहेर पडतो. निम्म्या लोकांना त्यावरची अक्षरं दिसत नव्हती. दोघातिघांना मी माझा चष्मा दिला. एकाने तो घालून बघितलं, त्याचं घर सुटलं होतं. तो खुशीत चष्म्यासकट निघाला होता, त्याला हाक मारून थांबवावं लागलं.

आपलं घर मला लगेच सापडलं. नव्या रस्त्याची लाल रेघ फाट्यापासून निघते, शाळेच्या मागून येते आणि आपल्या घरावरून सरळ पलीकडच्या नव्या वस्तीत जाते. खाली पाण्याची मोठी वाहिनी आणि वरून बस, असं बाजूला लिहिलं आहे. म्हणजे स्वयंपाकघर, मागची खोली, न्हाणी, पुढचा कट्टा, सगळंच गेलं. मोबदला आहे, त्याची काळजी नाही.

तुला एवढंच विचारायचं होतं की ही रेघ पक्की आहे का? की अजून हलू शकते? सरकारी कामात शेवटच्या घटकेला काहीही होतं, म्हणून विचारतो. नक्की काय ते कळलं तर बरं.

रविवारी दुकान बंद होतं, म्हणून घरातल्या खिडक्यांची मापं घेतली. कपाटांचीही घेतली. स्वयंपाकघराची खिडकी तुझ्या मावशीने गवंड्याशी भांडून रस्त्याच्या बाजूला काढून घेतली होती. तो म्हणत होता, "बाई, धूळ येईल." ती म्हणाली, "येऊ दे. धुळीबरोबर माणसंही दिसतील." तिची चौकट अजून अगदी सरळ आहे. जुनं लाकूड आहे.

तब्येतीला जप.

तुझा,
काका

१८ नोव्हेंबर

प्रिय काका,

तुमचं पत्र आलं ते टेबलावरच्या फायलींवर वजन म्हणून दिवसभर ठेवलं होतं. आमच्याकडे पंख्याला दोनच वेग आहेत, बंद आणि वादळ.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमचा हा जिल्हा म्हणजे वाढत्या अंगाचं पोरगं झालंय. विजार शिवून आणेपर्यंत आखूड झालेली असते. दहा वर्षांनी किती माणसं असतील याचा जो अंदाज आम्ही बांधला होता, तेवढी आत्ताच येऊन बसलीत. पलीकडच्या वस्तीत इमारती उभ्या राहिल्या, माणसं राहायला आली, नळही बसवले. नळात पाणी तेवढं नाही. टँकर आला की सगळे बादल्या घेऊन खाली धावतात आणि उरलेल्या वेळात नियोजन कार्यालयाला शिव्या देतात. त्यांचं चुकत नाही. म्हणून या रस्त्याची घाई आहे.

ती रेघ मी काढलेली नाही. ती काढली तेव्हा मी दुसऱ्या तालुक्याचं काम बघत होते. पण आता दुरुस्तीसाठी ते पान माझ्याकडे आलंय. तेव्हा तुम्ही काळजी करू नका. मी बघते.

काका, खरं सांगू? तुम्ही खिडक्यांची मापं घेत बसलात, ते वाक्य मी तीनदा वाचलं. घर जाणार म्हटल्यावर माणूस असंच करत असेल, एकेक गोष्ट मोजून मनात ठेवत असेल. त्याच मागच्या खोलीत मी कॉलेजची सगळी वर्षं काढली. माझ्या आईबापांपेक्षा जास्त भांडणं मी मावशीशी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी केलीत. ते घर असं एका रेघेत जाऊ देणार नाही.

वेळेवर जेवता ना? नुसतं "हो" लिहू नका. काय जेवलात ते लिहा.

तुमची,
घारू

३ डिसेंबर

प्रिय घारू,

जेवतो. कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवण लावलं आहे. भात रोज असतो, भाजी नशिबावर असते. तिथला मालक माझ्या ताटात जास्त वाढतो, कारण त्याच्या चष्म्याची काडी मी दुकानात फुकट बसवून दिली होती. स्वयंपाकघर नीट आहे, त्याची काळजी करू नकोस.

आराखड्याचं मात्र तू काही बघू नकोस. ज्यांनी रेघ काढली त्यांनी चार गोष्टींचा विचार करून काढली असेल. नात्यातलं माणूस म्हणून तू मध्ये पडावंस असं मला वाटत नाही. मी नुसतं पक्की आहे का ते विचारलं होतं. तुझी नोकरी मोठ्या कष्टाने मिळालेली आहे. तुझ्या मावशीला तिचा फार अभिमान होता. गिऱ्हाईक नंबर तपासायला खुर्चीत बसलं की मागून येऊन सांगायची, "आमची भाची जिल्हा आखते." आता ते माणूस अक्षरं वाचेल की हिचं ऐकेल.

समोरच्या पाळणाघरवाल्या बाईही तुझी चौकशी करत होत्या. हल्ली त्यांच्याकडे मुलं वाढली आहेत. नव्या वस्तीतल्या आया कामावर जाताना पोरं इथे सोडून जातात. सकाळभर अंगणात कालवा असतो. मला आवडतो.

दुकानाच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. घरमालक रोज विचारतो, "घेता का?" म्हणून सहज वर जाऊन बघून आलो. उजेड चांगला आहे. तुला आपलं कळवलं.

तुझा,
काका

२१ डिसेंबर

प्रिय काका,

आधी बातमी देते, मग बाकीचं. मावशीचं घर राहिलं.

तुम्ही "बघू नकोस" म्हणालात, पण तुम्ही स्वतःसाठी कधी काही मागितलंय का? मावशी म्हणायची, "तुझ्या काकांना तहान लागली तर ते दुसऱ्याला विचारतात, पाणी हवंय का." तेव्हा तुमच्या "नको"चा अर्थ मला चांगला कळतो.

शाळेच्या पुढे रस्त्याला एक वळण दिलंय. आपल्या फाटकाला वळसा घालून रस्ता समोरच्या बाजूने जातो आणि पुढे पुन्हा सरळ होतो. पाण्याच्या विभागात आमचे एक बुवा आहेत, सगळे त्यांना पाइपबुवाच म्हणतात. त्यांनी नकाशा बघून कपाळाला हात लावला. म्हणाले, "बाई, रस्ता वळवाल हो, पाणी कसं वळवाल? एवढ्या जाड वाहिनीतलं पाणी वळणावर धक्का मारतं. तिथे हत्तीएवढा काँक्रीटचा ठोकळा पुरावा लागेल." मी म्हटलं, "मग पुरा हत्ती." ते पुटपुटत गेले.

कागदावर कारण चढाचं लिहिलंय, की सरळ गेलं तर चढ लागतो. कुणी तपासायला येणार नाही. पाळणाघराच्या अंगणाचा तुकडा जातो, पण इमारत त्यांची राहते. घर कुणाचंच पडत नाही, हे महत्त्वाचं. दुरुस्त नकाशा पुढच्या आठवड्यात लागेल, मग महिनाभर हरकती घेतील आणि त्यानंतर सुनावणी. हरकत घेईल कोण? घर वाचलेला माणूस तर घेणार नाही.

आता निवांत झोपा. आणि त्या वरच्या खोल्यांचं घरमालकाला सांगून टाका, आमचं घर आहे म्हणावं.

तुमची,
घारू

१४ जानेवारी

काका,

माझ्या पत्राला उत्तर नाही. फोन केला तर "ठीक आहे" म्हणता आणि ठेवता. पत्र मिळालं ना? काही बिनसलंय का? बरं नसेल तर लपवू नका. दोन ओळी लिहा, त्याही पुरतील.

घारू

२३ जानेवारी

प्रिय घारू,

दोन ओळींत बसणार नाही, म्हणून उशीर झाला. तब्येत चांगली आहे.

तुझं पत्र आलं आणि पाठोपाठ मोजणीची माणसं आली. आपल्या फाटकावर त्यांनी आधी लाल खूण केली होती. ती त्यांनी चुना फासून पुसली आणि समोर पाळणाघराच्या भिंतीवर नवी केली. अंगणातल्या घसरगुंडीच्या पलीकडे एक खुंटी ठोकली. मुलांना वाटलं नवा खेळ आला. ती खुंटीभोवती फेर धरून नाचली.

संध्याकाळी बाई आल्या. कट्ट्यावर बसल्या. म्हणाल्या, "काका, तुमच्या फाटकावरची खूण माझ्या भिंतीवर आली. खुणेला पाय असतात हे मला माहीत नव्हतं."

मी म्हटलं, "मलाही नव्हतं."

"तुमची भाची आहे ना त्या कार्यालयात?"

"आहे."

"मग बरोबर आहे. मीही माझ्या भाचीला हेच सांगितलं असतं. पण माझी भाची पार्लर चालवते. ती फार तर भुवया वळवेल."

आणि हसल्या. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग जाताना म्हणाल्या की अंगण गेलं तर मुलं कमी घ्यावी लागतील, आणि कुठल्या कुठल्या आयांना नाही म्हणायचं ते आत्तापासून ठरवते आहे. मी त्यांना सांगू शकलो असतो की मी तुला काही सांगितलं नव्हतं. पण ते तुझ्यावर ढकलल्यासारखं झालं असतं. म्हणून नुसतं त्यांना फाटकापर्यंत पोचवून आलो.

आता मी तुला जे सांगितलं नाही ते सांगतो. तू शांतपणे वाच.

मला त्या घरात राहायचं नाही. तुझी मावशी गेल्यापासून मी बाहेरच्या खोलीत राहतो. तिथेच झोपतो, तिथेच कपडे वाळत घालतो. स्वयंपाकघरात चहासुद्धा करत नाही. रोज दुकानातून येऊन कुलूप काढतो, दार ढकलतो, आणि ती नाही हे मला नव्याने कळतं. दुकानात असं होत नाही. तिथे ते एकदा कळलं आणि मग मी कामाला लागलो.

घर विकायचं मनात आलं होतं. पण तिने एकेक वीट बघून घेतलेलं घर. लोक म्हणाले असते, वर्ष नाही झालं आणि हा निघाला. लोकांचं एक वेळ सोडून दे. तू काय म्हणशील याचा मला धाक होता. म्हणून वाचनालयात ती लाल रेघ बघितली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी सुटलो असं वाटलं. सरकारने घर घेतलं म्हणजे मी ते सोडलं असं होत नाही. कुणाला काही सांगावं लागत नाही. रेघ पक्की आहे का, हे मी तेवढ्यासाठी विचारत होतो. मापं घेतली ती वरच्या खोल्यांत आपली चौकट आणि कपाटं बसतात का ते बघायला. हे मी तुला तेव्हाच सरळ लिहायला हवं होतं. धीर झाला नाही, आणि तू माझ्यासाठी रस्ता वाकवून बसलीस.

पण गेले पंधरा दिवस मी आणखी एका गोष्टीचा विचार करतो आहे. तू मला ओळखतेस. माझं "नको" हे खरंच "नको" आहे हे तुला एरवी कळलं असतं. घारू, मावशी गेल्यापासून तू एकदाही इथे मुक्काम केला नाहीस. येतेस, बाहेरच्या खोलीत बसतेस, बसची वेळ झाली म्हणतेस आणि जातेस. मी आग्रह करत नाही. तू आत जात नाहीस, मीही जात नाही. घर उभं राहिलं पाहिजे, एवढंच तुला हवं आहे. तसं वाटण्यात काही वाईट नाही. मला त्याने भरूनच आलं. पण त्याच्यापायी बाईंचं अंगण जाऊ नये, आणि पलीकडच्या लोकांचं पाणी त्या हत्तीपाशी अडू नये.

मी काल हरकत दाखल केली. वळण काढून रस्ता पहिल्यासारखा सरळ न्यावा, माझी घर द्यायला संमती आहे, असं लिहिलं आहे. खिडकीवरच्या कारकुनाने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "आजोबा, हे उलटं लिहिलंय तुम्ही." मी म्हटलं, "सुलटंच आहे, शिक्का मारा."

तुझं नाव कुठेही घेतलेलं नाही. सुनावणीला कुणी तुला काही विचारलं, तर काका म्हातारा झाला म्हणून सांग.

माझ्यावर रागावलीस तरी चालेल. पण रागावून गप्प बसू नकोस. ते खातं माझ्याकडे आहे.

तुझा,
काका

१ फेब्रुवारी

प्रिय काका,

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं, ही पहिली चूक. जिन्यात जाऊन वाचलं, ही दुसरी. आमच्या जिन्यात सगळा जिल्हा ये-जा करतो. एका सरपंचाने मला रुमाल दिला आणि विचारलं, "कुणी गेलं का हो?" मी म्हटलं, "हो, गेल्या वर्षी जानेवारीत."

आधी मला तुमचा रागच आला. मी वरच्या साहेबांच्या नजरेला नजर देऊन खोटा चढ लिहिला, पाइपबुवांशी भांडले, आणि ज्याच्यासाठी केलं तो माणूस मापं घेऊन निघायच्या तयारीत. दोन दिवस मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. तुम्ही तिथेही उत्तर देत नव्हता.

तिसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, या पानावर माझ्या मावशीचं घर आहे."

"कुठे?"

"जिथे चढ आहे असं मी लिहिलंय, तिथे."

त्यांनी नकाशा जवळ ओढला. "आणि चढ आहे का तिथे?"

"नाही."

माझी चढाची ओळ त्यांनी पुन्हा वाचली. मग म्हणाले, "या खुर्चीत बसून मी पुष्कळ चढ बघितलेत. बहुतेक मंत्र्यांच्या मेहुण्यांच्या दारात असतात. मावशीचा पहिलाच." पान माझ्याकडून काढून घेतलं. ताकीद लेखी दिली, ती माझ्या नोंदीत राहील. आता माझ्याकडे सांडपाणी आलंय. रस्ता सरळ होणार, सुनावणीत फक्त शिक्कामोर्तब. पाइपबुवांनी ऐकलं आणि मला चहा पाजला. म्हणाले, "हत्ती वाचला."

पाळणाघरवाल्या बाईंना मी स्वतः फोन केला. त्यांना सांगितलं की काकांनी काही सांगितलं नव्हतं, सगळं माझं होतं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. तुमचे काका कुणाला काही सांगतात होय?"

आता तुम्ही जे शेवटी लिहिलंत त्याबद्दल. मला ते नीट लिहिता येणार नाही. मी आत जात नाही, कारण आत गेलं की ओट्यापाशी कुणी माझ्याशी भांडत नाही. नकाशावर तेवढा एक चौकोन राहिला असता, तर कधीतरी जाईन असं म्हणायची सोय राहिली असती. एवढंच होतं. तुम्हाला ते माझ्या आधी कळलं, याचा राग अजून थोडा शिल्लक आहे.

मी शुक्रवारी येते. या वेळी मुक्कामाला येते. मागच्या खोलीत झोपेन आणि सकाळी चहा स्वयंपाकघरात करेन. तुम्ही दारात उभे राहिलात तरी चालेल, एकदम आत यायची सक्ती नाही. मावशीची कपाटं आपण दोघांनी मिळून उपसू. ती चौकट काढायला सुतार मीच बघते, तुम्ही काढायला गेलात तर काचेला काही होऊ नये म्हणून आठ दिवस लावाल.

आणि वरच्या खोल्या घ्या. घरमालकाला सांगा, भाची बघायला येतेय.

तुमची,
घारू

२६ एप्रिल, पुढचं वर्ष

प्रिय घारू,

वर्षभर पत्र लिहायचं कारणच पडलं नाही, तू येत-जात होतीस. पण आता महिनाभर तुला तुमच्या सांडपाण्याने धरून ठेवलंय, म्हणून लिहितो.

पलीकडच्या वस्तीत नळाला पाणी आलं. पहिल्या दिवशी ते गढूळ होतं. तरी लोकांनी भरून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ओतून दिलं. गेल्या सोमवारपासून रस्त्यावर बसही सुरू झाली. पाळणाघरवाल्या बाई रोज विचारायच्या, "काका, बसलात का बसमध्ये?" मी म्हणायचो, बसेन.

खरं म्हणजे मी टाळत होतो. घर पाडलं तेव्हा तू होतीस म्हणून उभं राहता आलं. पण त्या जागेवरून एकट्याने जायचं म्हणजे पुन्हा कुलूप काढून दार ढकलण्यासारखं होईल, असं वाटत होतं.

काल दुकान लवकर बंद करून बसमध्ये बसलो. आपली जागा कुठे येते ते मी आधी नीट बघून ठेवलं होतं. शाळेची भिंत संपली की मनात तयारी करायची, बाईंची घसरगुंडी दिसली की तिच्या समोर आपलं स्वयंपाकघर. शाळेपाशी एक तरुण बाई चढली आणि शेजारी येऊन बसली. कडेवर मुलगी होती. मुलगी माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होती. मी विचारलं, "ही टीव्ही जवळ जाऊन बघते का?" बाई म्हणाली, "हो, तुम्हाला कसं कळलं?" मग मी तिला डोळे तपासण्याबद्दल सांगितलं, लहान मुलांना खेळीमेळीने चष्मा कसा लावायचा ते सांगितलं, दुकानाचा पत्ता दिला. ती नव्या वस्तीतलीच. पोरीला सकाळी पाळणाघरात सोडते. बोलता बोलता बस थांबली आणि ती म्हणाली, "आमची वस्ती आली."

म्हणजे आपलं घर मागेच गेलं होतं. मी एवढं ठरवून बसलो होतो आणि बघायचंच राहिलं.

क्षणभर फार अपराधी वाटलं. मग तिथेच उतरून थोडा हिंडलो, लोकांच्या बाल्कनीत वाळत घातलेले कपडे बघितले आणि परतीची बस धरली. या वेळी मुद्दाम खिडकीशी बसलो, नजर बाहेर ठेवली. आणि घारू, माझा डोळा लागला. कंडक्टरने खांद्याला हात लावून उठवलं तेव्हा फाटा आला होता.

रविवारी ये. आपण दोघं मिळून जाऊ. एकाने तरी जागं राहायला हवं.

तुझा,
काका